कासदाह झालेल्या दुभत्या शेळीची शुश्रूषा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत ज्याच्या घरीं दहावीस एकर शेत आहे, त्याच्या गोठ्यांत एखादी गाय किंवा म्हैस आणि तिच्या शेजारीं दोनचार शेळ्या बहुधा असावयाच्याच. गाईम्हशींचा हिशेब घरधनी ठेवितो. शेळ्यांचा हिशेब घरांतील माउलीकडे असतो व तो सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु कापूस घरांत येण्यापूर्वीं मुलांच्या वह्यापुस्तकांचा, ऐन पेरणीच्या बियाण्याचा किंवा म्हातारीच्या औषधाचा पैसा कोठून आला हें शोधूं गेल्यास, पुष्कळदां तो बोकड विकूनच आलेला असतो. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात. आमच्या मतें ती जमीनवाल्याचीही अडचणींतील शिल्लक आहे.

सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत भारतांत सुमारें १४ कोटी ८९ लक्ष व महाराष्ट्रांत सुमारें १ कोटी ६ लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या. विदर्भाची म्हणून ओळखली जाणारी बेरारी ही जात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. महात्मा गांधींनीं १९१९ सालीं आजारपणांत शेळीचें दूध घेण्यास आरंभ केला व पुढें १९३६ पासून वर्ध्याजवळील सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, वास्तव्य केलें तेव्हांही तेंच दूध ते घेत असत. इतकें ज्या जनावराचें महत्त्व, त्याच्या सर्वांत नाजूक अवयवाच्या दुखण्याविषयीं मात्र आपल्यांत फार थोडें बोललें जातें.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना आम्हीं पुष्कळ पंचनामे लिहिले. पंचनाम्यांत शेळी ‘मयत’ या एका शब्दांत संपते. परंतु कासेच्या दुखण्यानें मेलेल्या शेळीची हकीगत विचारली असतां ती बहुतेक ठिकाणीं एकच असे: पहिल्या दिवशीं ‘उद्यां पाहूं’ म्हटलें, दुसऱ्या दिवशीं कोणी सांगितलेला लेप लावला आणि तिसऱ्या दिवशीं दवाखान्याची आठवण झाली. या रोगांत पहिल्या दिवसाचें मोल पुढील दहा दिवसांच्या औषधाहून अधिक आहे. म्हणून रोग ओळखावा कसा, डॉक्टर येईपर्यंत व गेल्यावर घरच्या माणसांनीं काय करावें आणि जगलेल्या शेळीचें पुढें काय करावें, हें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

रोग म्हणजे काय

शेळीच्या कासेचे दोन भाग असतात व प्रत्येक भागास एक सड असतो. आंतून हे दोन्ही भाग एकमेकांपासून वेगळे आहेत; एका भागांतील दूध दुसऱ्यांत जात नाहीं. यामुळेंच एक भाग सडला तरी दुसरा निरोगी राहूं शकतो, आणि शेळीच्या पुढील आयुष्याची सारी आशा या एका गोष्टीवर अवलंबून असते.

सडाच्या तोंडावाटे किंवा जखमेवाटे सूक्ष्म जंतु कासेंत शिरतात, दुधांत वाढतात व विष सोडतात. त्यानें कास सुजते. यासच कासदाह किंवा स्तनदाह म्हणतात. फ्रान्समधील पशुवैद्य एडमंड नोकार यांनीं १८८७ सालीं दुभत्या मेंढ्यांच्या सडणाऱ्या कासेंत असे जंतु असल्याचें दाखवून दिलें. हे जंतु कोठून दूर देशाहून येत नाहींत. ते जनावराच्या कातडीवर, दूध काढणाराच्या हातांवर व गोठ्याच्या ओलींत असतातच. त्यांना आंत शिरण्यास वाट मिळाली कीं रोग झाला.

ही वाट आपल्याकडे कशी मिळते तें पाहावें. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल कासेला चिकटून राहतो. सुगीनंतर शेळ्या मोकळ्या रानांत सोडल्या म्हणजे तुरीचे व पऱ्हाटीचे खुंट कासेला ओरखडतात. बाभूळ, बोर व वेडी बाभूळ यांचे कांटे लागतात. करडें मोठीं झालीं म्हणजे तीं दांतांनीं सड दुखवितात. आणि अंगठा मुडपून, नख लागेल अशा रीतीनें, घाईंत दूध काढणारीं माणसें तर घरोघर आहेत.

रोगाची ओळख

पहिलीं लक्षणें शांतपणें पाहणाराला दिसतात. शेळी कळपाच्या मागें राहते. एक मागचा पाय लांब टाकून किंवा लंगडत चालते. पाहणाराला वाटतें कीं पायांत कांटा मोडला आहे. करडूं सडाशीं गेलें कीं त्याला लाथ मारते. कासेला हात लावला असतां एक भाग दुसऱ्याहून मोठा, गरम व कठीण लागतो. दूध पातळ, पिवळसर, गुठळ्यांचें किंवा रक्तमिश्रित येतें.

प्रत्येक वेळीं दुधाच्या पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर किंवा काळ्या वाटींत घ्याव्या, म्हणजे बारीक गुठळीही दिसते. संशय वाटल्यास शंभर भाग पाण्यांत तीन भाग कपडे धुण्याची पूड विरघळवून, त्या पाण्याइतकेंच दूध त्यांत मिसळून वाटी फिरवावी. दूध शेंबडासारखें घट्ट झालें तर तो भाग रोगट असण्याचा संभव आहे. मात्र निरोगी शेळीचें दूधही गाईच्या दुधापेक्षां या परीक्षेंत किंचित् घट्ट होतें, म्हणून दोन्ही भागांचें दूध वेगवेगळें तपासून तुलना करावी.

प्रत्येक शेळीवाल्याच्या घरीं एक थर्मामीटर असावा. तो गुदद्वारांत दोन मिनिटें धरून पाहावा. निरोगी शेळीचा ताप फॅरनहाइट मापानें सुमारें १०२ ते १०३॥ अंश असतो; १०४ च्या वर गेल्यास ज्वर समजावा. परंतु एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. अंग तापत नाहीं, उलट १०१ च्या खालीं उतरत आहे, कान गार आहेत आणि कासेचा एक भाग थंड पडून निळसर झाला आहे, असें दिसल्यास ‘ताप उतरला’ म्हणून समाधान मानूं नये. तें बरें होण्याचें लक्षण नसून विष सर्वांगांत भिनल्याचें आहे. अशा वेळीं रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.

एकाच वेळीं अनेक शेळ्यांचें दूध आटलें, सांधे सुजले आणि डोळे आले, तर तो निराळा सांथीचा रोग असूं शकतो; तेंही डॉक्टरांना लागलेंच कळवावें.

पहिला दिवस

पहिलें काम, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकरितां १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. जंतुनाशक औषध कोणतें व किती, हें शेळीचें वजन, दिवस व रोगाचा जोर पाहून डॉक्टरच ठरवितात. म्हणून आम्ही येथें मात्रा देत नाहीं. औषध सुरू होण्यापूर्वीं स्वच्छ बाटलींत दुधाचा नमुना घेतला तर तपासणीनें नेमका जंतु व त्यावर चालणारें औषध कळूं शकतें. तशी सोय असल्यास डॉक्टरांना अवश्य विचारावें.

डॉक्टर येईपर्यंत शेळी कळपांतून वेगळी करावी. कोरडी, वाऱ्याच्या झोताबाहेरची पण मोकळ्या हवेची जागा पाहून तेथें जाड कुटार किंवा कोरडें गवत अंथरावें. करडें तिच्यापासून काढावीं, परंतु तिला तीं दिसतील व त्यांचा आवाज ऐकूं येईल इतक्या अंतरावर ठेवावीं. करडें नजरेआड झाल्यास शेळी कासावीस होऊन चारा सोडते.

कांहीं गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. सडांत काडी किंवा दाभण घालूं नये. कासेला डाग देऊं नये. गरम राख, शेण, वंगणाचें तेल लावूं नये. जुन्या बाटलींतील उरलेलें औषध टोंचूं नये. दुखणें थांबविण्याकरितां माणसांचें औषध तर मुळींच देऊं नये. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा जनावरांकरितां वापर २००६ सालापासून आणि केटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांचा २०२३ पासून देशांत बंद आहे. कारण तें औषध दिलेलें जनावर मेलें व गिधाडांनीं खाल्लें तर गिधाडें मरतात. आपल्या आकाशांतून गिधाडें कशीं नाहींशीं झालीं हें पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकानें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. डॉक्टर याऐवजीं मेलॉक्सिकॅमसारखें निर्धोक औषध देतात.

दूध काढणें

रोगट भागांत दूध सांचूं देणें म्हणजे जंतूंना अन्न पुरविणें होय. म्हणून पहिले दोन दिवस दर तीनचार तासांनीं तो भाग हलक्या हातानें रिकामा करावा. पूर्ण मुठीनें दाबावें, ओढूं नये. आधीं निरोगी भागाचें दूध काढावें, मग रोगट भागाचें. घरांत अनेक शेळ्या असल्यास आजारी शेळी सर्वांच्या शेवटीं घ्यावी आणि हात साबणानें धुतल्यावांचून दुसऱ्या कोणत्याही जनावरास लावूं नयेत.

रोगट दूध जमिनीवर सोडूं नये. चुन्याचें पाणी घातलेल्या भांड्यांत तें घ्यावें व गोठ्यापासून दूर खड्डा करून पुरावें. कुत्र्यामांजरांस किंवा करडांस देऊं नये. ‘उकळलें म्हणजे झालें’ असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. उकळल्यानें जंतु मरतात, पण त्यांनीं दुधांत सोडलेलें विष कायम राहूं शकतें व त्यानें माणसांस वांत्या होतात. निरोगी भागाचें दूधही, जंतुनाशक औषध चालू असेतोंपर्यंत व तें संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस, घरीं वापरूं नये कीं विकूं नये.

डॉक्टरांनीं सडांत सोडावयाच्या नळ्या दिल्या असल्यास भाग पूर्ण रिकामा करून, सडाचें तोंड स्पिरिटच्या बोळ्यानें पुसून, नळीचें केवळ टोंक आंत घालावें. एक नळी दोन्ही सडांत अर्धी अर्धी वापरूं नये. एका भागाचा रोग आपल्याच हातानें दुसऱ्यांत नेल्यासारखें होतें. आणि तिसऱ्या दिवशीं ताप उतरला म्हणून औषध बंद करूं नये. अर्धवट मारलेला जंतु पुन्हां उठतो तेव्हां पहिलें औषध त्याला पुष्कळदां लागू पडत नाहीं.

शेक व लेप

कास तापलेली व फुगलेली असतां पहिल्या दिवशीं गार पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें दहा पंधरा मिनिटें, दिवसांतून तीनचार वेळां शेकावी. सूज नरम पडूं लागली म्हणजे दूध काढण्यापूर्वीं कोमट पाण्याचा शेक द्यावा. त्यानें दूध मोकळें होतें. शेकल्यावर कास कोरडी पुसावी. पाणी आपल्या मनगटाला सोसेल त्याहून गरम नसावें. काळ्या पडलेल्या भागाला शेक देऊंच नये, कारण तेथें संवेदना नसते आणि कातडी भाजली तरी शेळी सांगूं शकत नाहीं.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईम्हशींच्या कासदाहावर एक घरगुती लेप सुचवितें: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून थोड्या पाण्यानें पातळ करावयाचा आणि दूध काढून, कास धुऊन दिवसांतून अनेक वेळां लावावयाचा. शेळीला याच प्रमाणानें थोडा लेप पुरतो. त्यानें सौम्य सुजेस आराम पडतो. परंतु ज्वर असलेल्या शेळीस हा लेप औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागीं नव्हे. फुटलेल्या किंवा काळ्या कातडीवर तो लावूं नये.

पाणी व चारा

ज्वरांत शेळी चाऱ्यापेक्षां पाण्यावांचून लवकर खचते. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत सहा लहान चमचे साखर किंवा तितकाच गूळ व अर्धा लहान चमचा मीठ घालून तें कोमट पाणी थोडें थोडें दिवसांतून चारपांच वेळां पुढें ठेवावें. आपण होऊन प्याली तर उत्तम. पाजावें लागल्यास डोकें वर उचलूं नये. तोंड पाठीच्या रेषेंत ठेवून, गालाच्या बाजूनें, घोट घोट गिळूं देऊन पाजावें. मान उंच करून बाटली रिकामी केल्यास पाणी फुप्फुसांत जातें, आणि कासदाहांतून वांचलेली शेळी फुप्फुसाच्या दुखण्यानें मरते. उभी राहूं न शकणाऱ्या शेळीस तोंडानें कांहींच पाजूं नये. तिला शिरेंतून सलाईन द्यावें लागतें.

शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूच्या खारपाण पट्ट्यांतील बंधूंनीं विशेष ध्यानांत ठेवावें कीं, विहिरीचें खारें पाणी आजारी जनावर कमी पितें. इतके दिवस तरी घरांत पिण्याकरितां येणारें गोडें पाणीच तिला द्यावें.

चाऱ्याचा नियम असा कीं, आधीं पाला, मग कुटार आणि शेवटीं खुराक. शेवरी, हादगा, बोर, बाभूळ यांच्या कोंवळ्या फांद्या शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगाव्या. शेळी जमिनीवर पडलेला पाला तुडविते, टांगलेला मात्र मन नसलें तरी ओरबाडते. सुबाभूळ थोडीच द्यावी. तुरीचें किंवा हरभऱ्याचें कुटार पुढें असावें. ढेप व धान्य पहिले तीनचार दिवस बंद ठेवावें आणि शेळी नीट रवंथ करूं लागल्यावर मूठमुठीनें वाढवावें. ‘अशक्त झाली आहे’ म्हणून दयेनें पोळ्या, भाकरी, शिजलेला भात किंवा पीठ घालणें घातक आहे. पोटांत आंबून तें दुसरा आजार उत्पन्न करतें.

रवंथ हाच शेळीच्या प्रकृतीचा खरा दाखला होय. डाव्या भकाळीवर तळहात ठेवला असतां निरोगी शेळीचें पोट मिनिटास एकदां दोनदां हललेलें जाणवतें. तें हलत असेल तर आशा धरावी.

करडांची व्यवस्था

आई आजारी पडली म्हणजे करडांचा विसर पडतो व आठ दिवसांनीं आई वांचून करडें मेलेलीं असतात. नुकत्या व्यालेल्या शेळीस हें दुखणें झाल्यास करडांना पहिल्या कांहीं तासांतच दुसऱ्या निरोगी शेळीचा चीक मिळाला पाहिजे. पुढें वजनाच्या दशांशाइतकें दूध दिवसभरांत तीनचार वेळां वाटून द्यावें. अडीच किलोच्या करडास सुमारें पाव लिटर. दुसऱ्या शेळीचें नसल्यास गाईचें दूध चालतें, मात्र तें अंगाइतकें कोमट असावें. बाटली प्रत्येक वेळीं उकळत्या पाण्यानें धुवावी. आजारी आईला पिणारें करडूं दुसऱ्या शेळीस लावूं नये, कारण तें तोंडांतून रोग नेतें.

कास काळी पडल्यास

सर्वांत भयंकर प्रकार हा. कासेचा भाग प्रथम तांबडा, मग निळा, मग काळा व थंड होतो. सडांतून दुधाऐवजीं तांबूस पाणी येतें. एक दोन दिवसांत जिवंत व मृत कातडीमधील रेषा स्पष्ट दिसूं लागते. या टप्प्यावर मेलेला भाग परत येत नाहीं. प्रश्न फक्त शेळी जगेल कीं नाहीं इतकाच उरतो. विष बाहेर जावें म्हणून डॉक्टर कधीं सड कापून वाट करून देतात, कधीं सडका भाग शस्त्रक्रियेनें काढून टाकतात. अशा कठीण प्रसंगीं आपल्या जिल्ह्यास अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळची आहे.

शेळी पहिल्या आठवड्यांतून तरली तर मेलेला भाग हळूहळू सुटून दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतो व खालीं तांबडी जखम उरते. ओढून तो काढूं नये. जखम रोज दोनदां, एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत दोन लहान चमचे मीठ घालून, त्या पाण्यानें धुवावी. मग पोव्हिडोन आयोडीन लावून भोंवतीं माशा दूर ठेवणारें मलम लावावें. आपल्याकडे अशा जखमेंत अळ्या पडावयास एक दिवस पुरतो. अळ्या दिसल्यास चिमट्यानें काढून लगेच डॉक्टरांना दाखवावें. धनुर्वाताची लस आधींच टोंचवून घ्यावी. दुर्गंधि येते म्हणून शेळी घरामागें कोपऱ्यांत बांधून तिजकडे जाणें सोडूं नये. या दिवसांत तिला माणसाची गरज सर्वांत अधिक असते.

नोंदीचा उपयोग

कारकुनाची संवय म्हणून आमच्या घरच्या एका शेळीच्या दुखण्यांत आम्हीं वहींत रकाने आंखले होते: वेळ, ताप, पाणी किती प्याली, रवंथ, लेंड्या, कासेची स्थिति व दिलेलें औषध. शेळी दुसऱ्या वेताची होती, खालीं दोन करडें होतीं. व्याल्यावर बाराव्या दिवशीं डावा भाग सुजला; त्याच दुपारीं डॉक्टर आले. तिसऱ्या दिवशीं काळी रेषा दिसली. चौथ्या दिवशीं सकाळीं ताप १००॥ लागला व लेंड्यांचा रकाना रिकामा राहिला. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं सल्ला दिला कीं, अजून उभी आहे तोंवर खाटकास द्यावी, चार पैसे तरी येतील.

तें आम्हीं केलें नाहीं. ज्या जनावराच्या अंगांत जंतुनाशक औषध आहे व रक्तांत विष आहे, त्याचें मांस दुसऱ्याच्या ताटांत घालणें हा व्यवहार नव्हे. औषधाची मुदत संपल्यावांचून असें जनावर विकणें म्हणजे आपलें नुकसान दुसऱ्याच्या पोटांत ढकलणें आहे. डॉक्टरांनीं त्या दिवशीं शिरेंतून सलाईन दिलें. पांचव्या दिवशीं पहांटे घरांतील मंडळींनीं टांगलेली बोरीची फांदी अर्धी खाल्लेली पाहिली. वहींत त्या दिवसापुढें ‘चार लेंड्या’ अशी नोंद आहे. आमच्या सर्व नोकरींत इतक्या आनंदानें लिहिलेली दुसरी नोंद आम्हांस आठवत नाहीं. तेविसाव्या दिवशीं मेलेला भाग गळाला, दोन महिन्यांनीं जखम भरली. पुढील वर्षीं तिनें दोन करडें दिलीं व एका सडावर, थोड्या गाईच्या दुधाच्या आधारानें, तीं वाढविलीं.

या नोंदीचा खरा उपयोग डॉक्टरांना झाला. ‘काल बरी होती’ या वाक्यावरून औषध ठरत नाहीं. ‘काल सायंकाळीं १०५, आज सकाळीं १००॥’ यावरून ठरतें. लिहितां येणाऱ्या शेतकऱ्याजवळ हें एक औषध फुकट आहे.

बरी झाल्यावर ठेवावी कीं काढावी

चारा, रवंथ व ताप पूर्ववत् झाल्यावरही कासेचा न्याय लगेच करूं नये. सुजलेला भाग नरम होऊन दूध स्वच्छ आलें तर उत्तम. त्या वेतांत दूध कमी येणें साहजिक आहे. पुढील वेतांत पुष्कळदां सुधारतें. ज्या शेळीचा एक भाग गेला पण दुसरा स्वच्छ आहे, ती घरच्या दुधाकरितां व करडांकरितां ठेवण्यास हरकत नाहीं. जुळीं झाल्यास एक करडूं बाटलीवर वाढवावें लागतें. परंतु कासेंत कठीण गांठी राहिल्या, दुधांत वारंवार गुठळ्या येतात, किंवा दोन्ही भाग बिघडले, अशी शेळी कळपांत ठेवूं नये. ती इतरांस रोग देत राहते. ती काढावयाची तर औषधाची मुदत पूर्ण झाल्यावर, आणि घेणारास कासेची खरी स्थिति सांगून.

पुढील खबरदारी

गोठ्याची जमीन कोरडी असावी. पावसाळ्यांत उंच ओटा किंवा लाकडी फळ्यांचा माचा करावा. विण्याची जागा दर वेळीं नव्या कुटारानें कोरडी करावी. दूध काढणाराचीं नखें कापलेलीं असावीं. कास पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानें धुऊन कोरडी पुसावी व प्रत्येक शेळीस वेगळें फडकें वापरावें. दूध काढल्यावर सड सौम्य आयोडीनच्या द्रावणांत बुडवावे. सडाचें तोंड मिटण्यास अर्धा पाऊण तास लागतो; म्हणून दूध काढल्यावर लगेच पुढें चारा टाकावा, म्हणजे शेळी उभी राहते आणि ओल्या जमिनीवर बसत नाहीं. तुरीच्या व पऱ्हाटीच्या खुंटांच्या रानांत भरल्या कासेच्या शेळ्या सोडूं नयेत. बाजारांत शेळी घेतांना दांत पाहतों तशी कासही दोन्ही हातांनीं चाचपून पाहावी.

यांत खर्चाची बाब फारशी नाहीं. थर्मामीटर, आयोडीनची बाटली, काळी वाटी व एक वही इतकेंच सामान लागतें. ज्यांच्या शेळ्या वाट्यानें दुसऱ्यांकडे दिलेल्या आहेत, अशा जमीनवाल्या बंधूंनीं हें सामान त्या घरींही पोंचवावें आणि हा लेख तेथील माउलीस वाचून दाखवावा. कासेवर पहिला हात तिचाच पडतो, व रोग प्रथम तिलाच कळतो. तिनें ‘आज एक बाजू गरम लागते’ असें सांगितलें म्हणजे ‘उद्यां पाहूं’ न म्हणतां त्याच घटकेस दवाखान्यास कळवावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.